एका उखळात बारा मुसळं

नांदेड, १८ नोव्हेंबर २०२४

उज्वले,

लातूर गाडीच्या कंडक्टरकडे खोकं दिलंय. चाकूरच्या स्टँडवर उतरवून घे आणि या वेळी त्याला चहा पाज. गेल्या वेळी तू नुसतीच हसून निघून गेलीस, अशी त्याने माझ्याकडे तक्रार केली. खोक्यात बारा डबे आहेत, तुमच्या डीपीवरच्या, म्हणजे एकाच ट्रान्सफॉर्मरवरच्या, विहिरींच्या बारा मोटारींचे. तेरावा मोठा डबा ऐकणारा. तो तुझ्या घराच्या पत्र्यावर, उंच बसव.

फोनवर सांगितलं असतं, पण तुमच्या शिवारात फोन लागतो कुठे? लागत असता तर हा उद्योग कशाला केला असता! म्हणून हॉस्टेलातल्यासारखी चिठ्ठीच.

तुझ्या शेषेराव काकांना समजेल असं सांगते, म्हणजे तुलाही समजेल. हसू नको, डिप्लोमाला तुझी अर्धी जर्नल्स मी लिहिली आहेत. प्रत्येक डबा घरी सांगणार: मोटर चालू, विहीर कोरडी, फेज गेला, की मोटर बंद. हवेतला जो रेडिओचा पट्टा आपल्याला फुकट वापरायला मिळतो तो अरुंद आहे. त्याच्या बारा वाटण्या केल्या तर प्रत्येकाच्या वाट्याला बांधाएवढी पट्टी. स्प्रेड स्पेक्ट्रममध्ये वाटण्याच नाहीत. प्रत्येकाने आपला शब्द अख्ख्या पट्ट्यावर पसरून बोलायचा, मात्र आपापल्या ठरलेल्या नमुन्यात, म्हणजे कोडमध्ये. ऐकणाऱ्याला तो कोड ठाऊक असला की बाकीचा गलका गळून पडतो.

आता भांडण कोडचं आहे. माझे गाइड सिद्धलिंग सर म्हणतात, लांबलचक कोड घे, सुरक्षित असतात. पण लांब कोड म्हणजे एवढ्याशा बातमीसाठी पट्टा अडवून बसायचं. मी आखूड कोड घेतलेत, एकमेकांशी जराही न भांडणारे. वर प्रत्येक मोटारीला चार कोड दिलेत. त्यातला कोणता वापरला, हीच बातमी. वेगळे शब्द पाठवायलाच नकोत. तेवढ्याच पट्ट्यात कितीतरी जास्त मोटारी मावतात. सर म्हणाले, "हे कोड सगळे एका ठोक्यावर बोलले तरच भांडत नाहीत. शेतात ठोका कोण देणार?" म्हणून पळवाट काढली, की एका वेळी दोघं-तिघं सोडून जास्त बोलूच नयेत.

त्यासाठी एकच अट. सगळ्यांच्या स्टार्टरच्या पेटीतला ऑटो स्विच काढायचा. तो असला की थ्री फेज आल्याबरोबर बारा मोटारी आपसूक एकदम उठणार, बारा डबे एकदम बोलणार, आणि माझं सगळं काम पाण्यात. ज्याने त्याने हाताने बटन दाबलं की आपोआप मागेपुढे होईल. ऑटो ठेवणं तसंही नियमात बसत नाही.

डब्याची वायर लाल फेजलाच लाव. डबा घड्याळ विजेवरूनच लावतो, कारण स्वस्तातलं घड्याळ पत्र्याच्या पेटीत उन्हाने भरकटतं.

अब्बा विचारत होते, तुझ्या डब्यांमुळे मोटारी जळायच्या थांबल्या तर आम्ही वायंडिंगच्या दुकानात माशा मारायच्या का.

तुझी कहकशां


चाकूर, २ डिसेंबर २०२४

कहकशां बाई,

डबे बसले. लाल फेज, पत्र्यावर मोठा डबा, सगळं तुझ्या हुकुमाप्रमाणे. कंडक्टरला चहा पाजला. त्याने वर भजीही खाल्ली. तुझ्या नावावर मांडून ठेवली.

डबे बसवताना काका म्हणाले, "ही पोरगी निजामोद्दीन वायंडिंगवाल्याची का? मग बसवा. त्याने भरलेली मोटर लई वर्षं चालून राहिली." तुझी डिग्री कुणी विचारली नाही.

ऑटोचं म्हणशील तर तुझी चिठ्ठी घरोघर वाचून दाखवली. सगळे हाव म्हणाले. काका तर दोनदा म्हणाले, "हाव, हाव, काढतो."

मोठ्या डब्याने ऐकलेलं सगळं ज्यात नोंदलंय ते मेमरी कार्ड खोक्यात आहे. सोबत हरभऱ्याचा ढाळा आहे, तो कंडक्टरने खाल्ला नसेल तर तू खा. माय तुझी आठवण काढते. ती बरी आहे.

उज्वला


नांदेड, १७ डिसेंबर २०२४

उज्वला, उज्वला, उज्वला,

ढाळा पोचला, आणि आकडे असे आलेत की मी कॉलेजच्या जिन्यात नाचले. एकही निरोप हरवला नाही! सर सांगतात त्या लांब कोडना लागला असता त्याच्या जेमतेम चौथाई पट्ट्यात सगळं मावलंय. पेपर लिहून परिषदेला पाठवूनही दिला. तुम्ही सगळ्यांनी ऑटो काढले नसते तर हे झालं नसतं, आणि पेपरात मी तसं लिहिलंय. काकांना माझा सलाम सांग. सरांना न विचारता पाठवला म्हणून ते थोडे फुरंगटलेत, पण आकडे बघून गप्प बसतील.

येळवशीला, वेळ अमावास्येच्या शेतपूजेला, यायचा विचार आहे. आंबील ठेव.

तुझी जिन्यात नाचणारी


नांदेड, ९ जानेवारी २०२५

उज्वला,

येळवशीला आले नाही, कारण तोंड दाखवायची इच्छा नव्हती.

सर गप्प बसले नाहीत. त्यांनी माझी सगळी नोंद क्षणाक्षणाने तपासली आणि केबिनमध्ये बोलावलं. दार उघडंच ठेवलं, म्हणजे बाहेरच्या पोरांनाही ऐकू जावं. म्हणाले, "तूच लिहिलंस, ऑटो काढले म्हणून डबे मागेपुढे बोलले. इथे तर बाराही डबे एकाच क्षणी बोललेत, रोज. आणि एकाच क्षणी बोलूनही बाराही ऐकू आलेत. यातलं पहिलं खोटं आहे की दुसरं?" मी नोंद बघितली. खरंच, एकाच क्षणी! मला ते दिसलंच नव्हतं. निरोप पोचले एवढंच मी मोजत बसले होते.

त्यांनी एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. 'आकडे विश्वासार्ह नाहीत, मी पेपर मागे घेते आणि पुढचं काम संगणकावरच करीन.' खाली माझं नाव. सही केली तर प्रकरण इथेच मिटेल म्हणाले. नाही केली तर समिती, आणि समितीला आकडे बनावट वाटले तर माझी नोंदणीच रद्द. सर वाईट नाहीत, हेच जास्त लागतं. त्यांना खरोखर वाटतं की मी आकडे घरी बसून चिकटवले.

मी चिकटवले नाहीत. तुला माहीत आहे. सही करणार नाही. वायंडिंगवाल्याची पोर शिकून खोटं बोलायला लागली, हे अब्बांनी दुकानात बसून ऐकायचं का?

मग राहतं ते पहिलं. उज्वला, ऑटो काढले होते ना? खरं सांग.

कहकशां


चाकूर, १५ जानेवारी २०२५

कहकशां,

हाव. कुणीच काढला न्हाई.

तू विचारलंस म्हणून सांगून राहिले. माफी मागायला नव्हे. मी लिहिलं होतं, सगळे हाव म्हणाले. आपल्याकडच्या 'हाव'चा अर्थ तुला नांदेडात राहून कळत नसेल तर तुझं शिक्षण वाया गेलं. पाहुण्याच्या पोरीला तोंडावर नाही म्हणत नसतात. नंतर बघायला गेले तर एकाने ऑटोवर पोतं टाकलेलं, एकाने त्याच्यावर उदबत्तीचा पुडा ठेवून देव केलेला. काकांनी ऑटो पेटीच्या मागे हलवला होता आणि मलाच म्हणाले, "काढला की! पुढून काढला."

आणि माझा? माझा जागेवरच आहे. त्याच्यावर पोतंही नाही.

तुला एक गोष्ट सांगितली नव्हती. तू इंटर्नशिपला पुण्यात होतीस त्या वर्षीची. मी परीक्षेला लातूरला होते. लाइटची रात्रपाळी होती. माय एकटी मोटर चालू करायला गेली आणि विहिरीच्या वाटेवर घसरली. मांडीचं हाड मोडलं. उजाडेपर्यंत तिथेच पडून होती. काका पोचले तेव्हा ती काय म्हणाली माहीत आहे? "मोटर चालू व्हायची राहिली, भाऊजी." अजून लंगडते. दवाखान्यातून घरी आणली त्या आठवड्यात मी ऑटो बसवला. मग एकेकाने बसवला.

नियमात बसत नाही म्हणतेस. नियम करणाराने एकदा हिवाळ्यात येऊन ते बटन दाबून जावं, मग मी पेढे वाटून ऑटो काढीन. तोवर माझी माय त्या वाटेने जाणार नाही. तुझ्या रेडिओसाठीही नाही आणि तुझ्या डिग्रीसाठीही नाही. राग आला तर येऊ दे.

बाकी त्या कागदावर सही केलीस तर मात्र माझ्या दारात येऊ नको.

तिळगूळ पाठवलाय. गोड बोलणं तुला जमेल तेव्हा बोल.

उज्वला


नांदेड, २२ जानेवारी २०२५

उज्वला,

तुझं पत्र वाचून पहिल्यांदा तुझा गळा दाबावासा वाटला. मग मावशींचं वाचलं आणि खूप रडले. मला का नाही सांगितलंस? तो राग वेगळा आहे, भेटल्यावर काढीन. दोन दिवस तुझ्या नावाने बोटं मोडली. एवढं मोठं खोटं माझ्या नावाने छापायला पाठवलं होतं मी!

तिसऱ्या दिवशी घरी मिरची कांडणं चाललं होतं. गिरणीत रंग उतरतो म्हणून दादी, म्हणजे आमची बेगमबी, अजून घरीच कांडून घेते. एक उखळ, दोन बाया, दोन मुसळं. एकीचं वर तेव्हा दुसरीचं खाली. मी मध्येच दादीला काहीतरी विचारलं, तिचा ठोका चुकला, आणि मुसळावर मुसळ आदळलं. दादीने मला घरातून हाकललं. मी ओट्यावर बसले आणि तिथेच मला कळलं.

माझे कोड म्हणजे तीच मुसळं, उज्वला! एका ठोक्यावर असली तर एका उखळात बारा मावतील. सर विचारत होते, शेतात ठोका कोण देणार? डीपी देते! बाराही डबे एकाच डीपीची वीज खातात. ती वीज सेकंदाला पन्नासदा डुलते, आणि मी घड्याळ भरकटू नये एवढ्यासाठी डब्यांना त्या डुलण्यावर लावलं होतं. आणि ऑटोमुळे सगळे सुरूही होतात एकाच क्षणी. ज्याला मी विघ्न समजून काढा काढा म्हणत होते, त्यानेच माझे कोड सांभाळले. तुम्ही माझं ऐकलं असतं तर मी नापास झाले असते.

म्हणजे ऑटो काढायचाच नाही. मोटारी एकदम उठल्या की डीपीवर ताण येतो हे खरं आहे, त्यात नियमाचं चुकत नाही. पण आता त्यालाही उपाय आहे. लाइट आली की आधी बारा डबे एका दमात हजेरी देतील, मोटारी थांबतील. मग मोठा डबा सांगेल त्या क्रमाने एकेक मोटर आपोआप उठेल. डीपीही वाचेल आणि कुणाला रानातही जायला नको.

सरांचा कागद मी परत दिला, सही न करता. ऑटोबद्दल पेपरात खोटं लिहिलं गेलं, ते मी स्वतः परिषदेला कळवलं. आकडे मात्र खरे आहेत, असं सरांना सांगितलं. "तुम्ही जाऊन बघा, समिती घेऊन जा. मी येणार नाही. मी आले तर म्हणाल हिने हात लावला." सरांनी नोंद पुन्हा एकदा चाळली. मग हो म्हणाले. दिवसपाळीच्या आठवड्यात येतील.

आता नीट वाच. सर एक डबा विजेवरून काढून बॅटरीवर चालवतील. तशी चाचणी घ्या असं मीच त्यांना सुचवलंय. त्या डब्याला ठोका मिळणार नाही, तो भरकटेल आणि दुसऱ्यांचेही निरोप बिघडवेल. ते बिघडलंच पाहिजे. नाही बिघडलं तर ठोक्याची माझी सगळी गोष्टच खोटी ठरेल. तेव्हा माझी इज्जत वाचवायला कुणी मध्ये पडायचं नाही. काकांना खास सांग. आणि त्यांच्या 'हाव'वर विश्वास ठेवू नको.

तुझी कहकशां


चाकूर, ६ फेब्रुवारी २०२५

कहकशां,

तू नव्हतीस ते बरं झालं. मेली असतीस.

सर आले, दोन मास्तर सोबत, आणि एक लाइनमन डीपीचा खटका खाली-वर करायला. लाइनमनने माझ्या पेटीतला ऑटो बघितला आणि जो आभाळाकडे बघत बसला तो शेवटपर्यंत. सरांनी विचारलं, "हे ऑटो नियमात बसतात का?" मी म्हणाले, "न्हाई बसत. पण राहणार." सरांनी ते वहीत लिहून घेतलं. माय ओसरीवर बसून सगळं ऐकून राहिली होती.

पहिल्यांदा डीपी वर केली. सरांच्या संगणकावर बाराही नावं एकदम उमटली. सरांनी एकाचा फ्यूज काढायला लावला, त्याचा निरोप आला. एकाची मोटर बंद केली, त्याचाही आला. एक मास्तर म्हणाला, "सर, हे चालतंय हो." सर म्हणाले, "थांबा."

मग त्यांनी काकांच्या मोटारीचा डबा उतरवला, जीपच्या बॅटरीला जोडला आणि डीपी पुन्हा खाली-वर करवली. संगणकावर सगळा चिखल! पाच-सहा नावं गायब, बाकीची उलटीसुलटी. माणसांचे चेहरे पडले. मला वाटलं, चला, झालं एकदाचं. सर म्हणाले, "अजून एकदा." तेवढ्यात काका गर्दीतून गायब.

दुसऱ्या वेळी बाराही नावं आली. स्वच्छ.

सरांनी चष्मा काढला. "तिचं म्हणणं होतं की हे बिघडेल," ते हळूच म्हणाले. "बिघडायला हवं होतं." आवाज असा, जणू त्यांचंच काहीतरी हरवलंय. आणि सगळं गाव टाळ्या वाजवून राहिलं होतं!

मी जीपमागे धावले. काका उकिडवे बसलेले. बॅटरीची वायर काढून, माझ्या पेटीतून गुपचूप आणलेली वायर डब्याला जोडून, वर पोतं टाकलेलं. मी पोतं ओढलं. काका म्हणाले, "आगं, सोड! पोरीची इज्जत हाय. जोडलं की समदं नीट व्हतंय, बघ की!" मी म्हणाले, "काका, नीट झालं तर ती खोटी ठरते." "नीट झालं तर कसं काय खोटी?" "आता समजावत बसत न्हाई." वायर उपटली. काका हात आडवा घालून राहिले, मी त्यांचा हात झटकला. आयुष्यात पहिल्यांदा. सगळ्या भावकीसमोर सरांना हाक मारून बोलावलं आणि ते पोतं, ती वायर दाखवली. म्हटलं, "हे आमच्या माणसानं केलंय. ऑटोही आमच्याच माणसांनी लपवले होते. तिनं एकही आकडा लपवला न्हाई. आता पुन्हा घ्या."

पुन्हा घेतली. चिखल. वायर जोडून घेतली. स्वच्छ. वायर काढून पुन्हा चिखल. सर लहान पोरासारखे जोडायला-काढायला लागले. शेवटी लाइनमन म्हणाला, "साहेब, माझा हात दुखून राहिला."

मग ते ओसरीवर मायजवळ बसले. तिच्या हातची ज्वारीची भाकरी खाल्ली. तिने पाय लांब करून बसायची माफी मागितली, तेव्हा पायाला काय झालं ते त्यांनी विचारलं. मायने सांगितलं. जाताना मला म्हणाले, "तो कागद माझ्या टेबलावर आहे. मी फाडीन. तिला सांगा."

काका दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. काल येऊन विचारलं, "बिघडलं म्हनून पास झाली, आसं कसं गं?" मी उखळ-मुसळाचं सांगितलं. म्हणाले, "हाव." समजलं की नाही कळायला मार्ग नाही.

उज्वला


नांदेड, २४ फेब्रुवारी २०२५

उज्वला,

सरांनी कागद फाडला. माझ्यासमोर, दार उघडं ठेवून, आणि बाहेरच्या पोरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "माझी चूक झाली." मला वाटलं होतं मी ऐटीत उभी राहीन. तसं काही जमलं नाही, रडूच आलं.

लगेच पुढच्या आठवड्यात आम्ही भांडलोही. प्रबंधात मी लिहिलंय, 'चाचणीच्या काळात एकाही शेतकऱ्याने ऑटो काढला नव्हता.' सरांनी त्यावर काट मारली. म्हणाले, नियमाविरुद्धची गोष्ट कशाला छापतेस, 'सर्व संच एकाच वेळी सुरू होतात' एवढं पुरे. मी ते वाक्य पुन्हा लिहून दिलं. त्यांनी पुन्हा काट मारली. मी म्हटलं, "सर, संच आपसूक सुरू होत नाहीत. कुणीतरी त्या अंधाऱ्या वाटेवर पडलं होतं म्हणून ते सुरू होतात. हे वाक्य काढायचं असेल तर माझं नावही काढा." तिसऱ्यांदा त्यांनी लाल पेन टेकवला, थांबले आणि पान उलटलं. वाक्य राहिलं.

अब्बांनी दुकानाच्या पाटीवर चुना फासून खाली नवी ओळ लिहून घेतलीय, 'मोटर न जळण्याचे डबे मिळतील.' मी म्हटलं, डबे अजून विकायचे नाहीत. ते म्हणाले, मग लवकर कर.

सरांच्या जीपमधून आलेला मोठा डबा आजच्या गाडीने परत पाठवतेय. आता मोटारी एकेक करून उठतील. क्रम मी ठरवलाय आणि त्यावर काकांचं काही ऐकणार नाही. पहिला नंबर साखराबाईंचा, म्हणजे तुझ्या मायचा. डब्याला एक छोटा हिरवा दिवा जोडलाय, लांब वायरीवर. तो मावशींच्या उशाशी टांग.

पुढच्या आठवड्यात तुमची रात्रपाळी आहे. दिवा लागला की त्यांना उठवू नको, पण जाग्या असल्या तर सांग, मोटर चालू झाली.

कहकशां